शेलारची शुक्रवारची तिकिटं

माझी नात हल्ली घरूनच काम करते. एका गोदामवाल्या कंपनीच्या हेल्पडेस्कवर. गोदामं कोन गावाच्या बाजूला आहेत. तिथलं स्कॅनर बिघडलं, प्रिंटर अडला की तिथली माणसं तक्रार टाकतात आणि ती तक्रार, म्हणजे यांच्या भाषेत तिकीट, हिच्या पडद्यावर येऊन बसते. परवा दुपारी मी वाल सोलत होते, तर ही कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, हेच तिकीट मी गेल्या मंगळवारी बंद केलं होतं गं. त्याच्या आधीच्या मंगळवारीही."

"मग मंगळवारी तिथे काय असतं, ते विचारलंस का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू वालाच्या टोपलीतून आवाज आला.

आजी एका शिक्षणसंस्थेत हेडक्लार्क होती, एवढंच तिला ठाऊक. निवृत्त होण्याआधीची तीन वर्षं आजीही हेल्पडेस्क होती, हे मी कधी सांगितलेलं नाही. त्यातलं पहिलं वर्ष सांगण्यासारखं नाही, म्हणून. आता लिहूनच टाकते.

आमच्या संस्थेच्या भिवंडी शहरात तीन शाळा होत्या, आणि शेलार, कोन, दिघाशी अशा गावांत एकेक. प्रत्येक शाळेच्या ऑफिसात एकेक कॉम्प्युटर आला आणि महिनाभरात सगळ्यांच्या तक्रारी घेऊन माझ्या टेबलावरचा फोन ठणाणू लागला. तेव्हा ज्या कंपनीने कॉम्प्युटर दिले तिनेच हे तिकिटांचं सॉफ्टवेअरही दिलं, आणि ते चालवायला माझी नेमणूक झाली. मी पंचावन्न वर्षांची होते. दोन दिवस ठाण्याला ट्रेनिंग झालं. तिथून जी बाई परत आली तिला मी यापुढे 'ती बाई'च म्हणणार आहे. ती मीच होते हे कबूल करायला अजून जड जातं.

त्या बाईला ट्रेनिंगमध्ये एक हेडसेट मिळाला होता. कानावर लावायचा, तोंडापुढे छोटी काडी. आमच्या ऑफिसातल्या फोनला तो जोडायची सोयच नव्हती. तरी ती बाई तो सकाळी अकरा ते पाच लावून बसायची. वायर टेबलाखाली लोंबत असायची, कशालाच न जोडलेली. दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी काळजीने विचारलं, "मॅडम, कान दुखतोय का?"

नवीन तिकीट पडद्यावर लाल दिसायचं, कामाला माणूस पाठवला की पिवळं, आणि बंद केलं की हिरवं. नियम असा की दोन दिवसांत हिरवं व्हायला हवं. महिन्याच्या शेवटी सॉफ्टवेअर आपोआप रिपोर्ट काढायचं: किती आली, किती बंद झाली, कुठल्या शाळेची सगळ्यात जास्त. त्या बाईला हिरव्याचं वेड लागलं. सकाळी आल्यावर देवाला हात जोडण्याआधी ती लाल शोधायची. कंपनीचा इंजिनियर जाऊन आला आणि त्याने 'तपासले, दोष आढळला नाही' असं लिहिलं की झालं हिरवं. दोष आढळला नाही म्हणजे दोष नाही, इतकं ते सरळ होतं. वार्षिक संमेलनात सेक्रेटरीसाहेबांनी तिला 'शंभर टक्के तक्रार निवारणा'बद्दल शाल आणि नारळ दिला. ती शाल तिने मे महिन्यात पांघरून फोटो काढला.

ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर ती दर वेळी नुसती बंद करायची नाही. सगळी तिकिटं एकमेकांना जोडायची, त्यांचं एक करायचं आणि मूळ शोधायचं. त्या बाईने हे वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघाही मारल्या, आणि कधीच केलं नाही. कारण सोपं होतं. तीस तिकिटं जोडली की त्यांचं एक होतं. म्हणजे तीस बंद केल्याचा मान एकावर येतो. एवढा तोटा कोण सोसणार?

सगळ्यात जास्त तिकिटं यायची शेलारच्या शाळेतून. तिथली क्लार्क तिशीतली, शेलारचीच लेक आणि शेलारचीच सून. सहा वर्षं मानधनावर काम करत होती, कायम व्हायची वाट बघत. सुट्ट्या सोडल्या तर तिचं तिकीट दर शुक्रवारी यायचं, नाक्यावरच्या सायबर कॅफेतून टाकलेलं. विषय एकच: कॉम्प्युटर बंद पडतो. इंजिनियर शनिवारी जायचा, कॉम्प्युटर चालू असायचा, तिकीट हिरवं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा लाल.

कधी कधी तिचा फोनही यायचा.

"मॅडम, परत बंद पडला."

"काय केलंत तुम्ही त्याला?"

"मी काय केलं न्हाय. मी निस्ती समोर बसलेय, तो आपला बंद पडला."

"शुक्रवारीच बरा पडतो तुमचा!"

"अहो, त्येच तर सांगतेय मी!"

त्या बाईला वाटलं, आपला टोमणा बरोबर लागला. पोरगी उत्तर सांगत होती आणि ही आपल्याच टोमण्यावर खूश होऊन फोन ठेवत होती. तिच्या मते प्रकरण स्पष्ट होतं: शुक्रवारी या पोरीला लवकर घरी जायचं असतं. वाटेल ते बटण दाबते आणि कॉम्प्युटर पाडते.

असं वर्ष गेलं. मग एका बुधवारी सेक्रेटरीसाहेबांनी बोलावलं. साहेब इथल्याच जुन्या शेतकरी घरातले. जमिनी होत्या, पॉवरलूमचे कारखाने होते आणि आवाज असा की बंद दाराआडून सगळ्या ऑफिसला मीटिंग ऐकू यायची. त्यांच्यापुढे माझा वर्षाचा रिपोर्ट होता.

"बाई, यंदा एक क्लार्क कायम करायची हाय. नंबर शेलारवालीचा लागतो. पण तुमचा रिपोर्ट बघा, सगळ्यात जास्त तक्रारी कोनाच्या? तिच्याच. हिला मशीन झेपत न्हाय. सोमवारी कमिटी बसतेय, तिथं हिचं मानधनच बंद करू आणि दुसरी बघू. तिची सगळी तिकिटं छापून फायलीला लावा."

सगळ्यात लाजिरवाणं आता सांगते. हे ऐकून त्या बाईला पहिल्यांदा आनंद झाला. आपला रिपोर्ट साहेबांनी वाचला! जागेवर येऊन पाण्याचा घोट घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की सहा वर्षं थांबलेल्या एका बाईची नोकरी आपल्या हिरव्या रंगात चालली आहे. तरी मनात होतंच, की आपण थोडंच काही केलंय, मशीनने मोजलं.

गुरुवारी दुपारी ती तिकिटं छापायला बसली. एकतीस होती. पडद्यावर तिकिटाचा फक्त विषय दिसायचा. खाली बारीक अक्षरात 'अधिक' असं लिहिलेलं असायचं, त्यावर टिचकी मारली की बाकीचा मजकूर उघडायचा. त्या बाईने वर्षभरात कधीच टिचकी मारली नव्हती. विषय कळला की पुरे, मजकूर वाचायला इथे वेळ कुणाला? पण छापताना मजकुरासकट सगळंच छापून येतं. प्रिंटरमधून पहिला कागद बाहेर आला आणि मी वाचायला लागले. हो, इथून पुढे 'मी' म्हणते. इथे तरी म्हणायलाच हवं.

'मॅडम नमस्कार. सकाळी साडेदहाला कॉम्प्युटर लावला. खालचा काळा डबा टुंई टुंई ओरडायला लागला आणि पंधरा मिनिटांनी सगळंच बंद. आज घरी पण बल्ब उडाला. सासूबाई म्हणतात की आज कारखाने बंद ना, म्हणून लाइट जास्त येते. खरं खोटं तुम्ही बघा. आपली विश्वासू.'

हे पहिल्याच तिकिटात होतं. वर्षापूर्वीच्या.

मी पुढचे कागद ओढून ओढून घ्यायला लागले. 'इंजिनियर शनिवारी येऊन गेले. शनिवारी हा शहाण्यासारखा वागतो. त्यांना शुक्रवारी पाठवाल का?' नंतरच्या एकात: 'चार मुलांचे दाखले द्यायचे होते ते हाताने लिहून दिले. माझं अक्षर बरं आहे. राहिलेलं काम शनिवारी शाळा सुटल्यावर बसून केलं.' मग: 'मॅडम, मागच्या वेळी विचारलं होतं त्याचं उत्तर राहिलं. वाचता ना तुम्ही?' आणि विसाव्या-बाविसाव्या कागदावर: 'वाचत नसाल तरी लिहिते, आता सवय लागली. आज पण तसंच. आमच्या दारच्या शेवग्याला शेंगा आल्यात, कुणी येणारं असलं तर पाठवते.'

त्या शेवग्याच्या तिकिटाखाली माझ्या नावाने छापलं होतं: 'निवारण झाले. धन्यवाद.'

बाहेरगावच्या वाचकासाठी थोडं थांबून सांगते. भिवंडीत पॉवरलूमची सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. आठवडाभर लूम वीज ओढत असतात. शुक्रवारी ते एकदम थांबले की आसपासच्या तारांमधला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढतो. कॉम्प्युटरखालचा तो काळा डबा, यूपीएस, फार दाब आला की घाबरून बाहेरची वीज तोडतो आणि आपल्या बॅटरीवर कॉम्प्युटर चालवतो. ती संपली की सगळं बंद. आणि आमचा इंजिनियर शनिवारीच का जायचा? कारण भिवंडीतल्या निम्म्या दुकानांसारखी त्याचीही सुट्टी शुक्रवारी! रोग शुक्रवारचा, डॉक्टर शनिवारचा, आणि रिपोर्टमध्ये रोगी ठणठणीत.

पण सासूबाई म्हणतात, असं लिहून कमिटीपुढे जाता येत नाही. मोजमाप हवं. शुक्रवारी सकाळी मी इंजिनियरला फोन केला.

"मॅडमजी, आज जुम्मा है, छुट्टी है."

"सुट्टी आहे म्हणूनच या. एका बाईची नोकरी जातेय."

"फिर नमाज के बाद आता हूँ."

मी रिक्षाने शेलारला गेले. वर्षभरात पहिल्यांदाच. त्या शाळेत एरवी पाठीमागच्या कारखान्याची खटखट इतकी की शिक्षक ओरडूनच शिकवतात, असं ऐकून होते. त्या दिवशी व्हरांड्यात उभं राहिलं तरी दुसरीच्या वर्गातले पाढे स्वच्छ ऐकू येत होते. ऑफिसात क्लार्क हाताने दाखला लिहीत बसली होती आणि कॉम्प्युटर काळं तोंड करून बाजूला. माझ्याकडे बघून ती उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही? स्वतः?"

"तुमची तिकिटं वाचली."

"सगळी?"

"सगळी. काल."

तिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "माझं नाव कापणार म्हनत्यात सोमवारी."

"कोण म्हणतं?"

"सगळीच. शेलार केवढंसं हाय, मॅडम."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने माझ्यासाठी खुर्ची पुसली.

अडीचच्या सुमाराला इंजिनियर आला. चाळिशीचा माणूस, पांढरा कुर्ता, अत्तराचा वास आणि हातात मीटर. त्याने मीटरच्या पिना प्लगमध्ये घातल्या आणि दोनशे तीसच्या जागी आलेला आकडा पाहून भुवया वर नेल्या.

"दो सौ सत्तर! मॅडमजी, इतने में तो डब्बा रोएगाच. मेरे घर में फ्रायडे को मिक्सर ऐसा भागता है, ढक्कन पकडके बैठना पडता है."

"मग वर्षभर मला सांगितलं का नाहीत?"

"आप तो सॅटरडे को भेजती थीं ना!" तो मनापासून म्हणाला. "सॅटरडे को मिक्सर बराबर चलता है."

क्लार्क तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला मात्र माझं घर आठवलं. आमचे हे दर शुक्रवारी सकाळी उठून पंख्याचा आकडा चारवरून तीनवर आणायचे. आणि मी दर शुक्रवारी विचारायचे, "का हो कमी केलात? उकडतंय ना!" भिवंडीत सत्तावीस वर्षं राहून, सत्तावीस वर्षं त्या पंख्याखाली झोपून, मला पत्ता नव्हता. त्या दिवशी घरी जाऊन मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, शुक्रवारी दाब वाढतो ते?" पेपर खाली न करता हे म्हणाले, "भिवंडीत कुणाला माहीत नाही?"

शनिवारी मी ऑफिसात जाऊन वर्षापूर्वी करायचं काम केलं. एकतीस तिकिटं एकेक करून निवडली आणि जोडली. इंजिनियरने लिहून दिलेला मीटरचा आकडा त्यात घातला. सॉफ्टवेअरने विचारलं: ही क्रिया मागे घेता येणार नाही, पुढे जायचे? ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं होतं, पण पुढे काय होतं ते मी ऐकलं नसावं. जोडलेल्या तिकिटाला सगळ्यात पहिल्या तिकिटाची तारीख लागते. मी 'हो' दाबलं आणि शेलारच्या एकतीस तक्रारींची एक झाली. ती एक लालभडक: वर्षभर प्रलंबित, जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव. शंभर टक्के कुठल्या कुठे गेले. खरं सांगते, बोट परतीचं बटण शोधत होतं. परतीचं बटण नव्हतं, म्हणून माझी अब्रू राहिली.

सोमवारी कमिटीपुढे मी नवा रिपोर्ट ठेवला. साहेबांनी चष्मा वर-खाली करून पाहिला.

"बाई, बुधवारी शेलारची एकतीस होती. आज एक? आणि ही लाल कोनाची?"

"माझी."

"म्हंजे?"

"तिला मशीन झेपत नाही असं नाही, साहेब. मला वाचणं झेपत नव्हतं." आणि मी पहिल्या तिकिटाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो मोठ्याने वाचला, म्हणजे सगळ्या ऑफिसने ऐकला. सासूबाईंच्या वाक्याशी ते थांबले. बाकीचे सभासद साहेबांकडे बघायला लागले, आणि मला उशिरा उमगलं की शाळेच्या पाठचा तो कारखाना कोणाचा आहे.

"आयला," साहेब म्हणाले. "म्हंजे शुक्रवारी माझेच लूम बंद आणि माझ्याच शाळेचा कॉम्प्युटर आडवा?" आणि ते इतके हसले की शिपाईमामा पाणी घेऊन आत आले. "आता मी काय शुक्रवारी पन लूम चालवू काय, बाई?"

"नको साहेब. एक स्टॅबिलायझर घेऊ."

"घ्या. आनि ती शाल?"

"शाल आणून देते. नारळ खाल्ला."

शाल त्यांनी परत घेतली नाही. म्हणाले, राहू द्या, लाजेला पांघरायला कामाला येईल. मग कमिटीने शेलारच्या क्लार्कला कायम करायचा ठराव दोन मिनिटांत केला. ऑर्डर टाइप करायचं काम माझ्याकडेच आलं. इतक्या काळजीने मी माझ्या मुलीची लग्नपत्रिकासुद्धा तपासली नव्हती.

चार दिवसांनी ती ऑर्डर घ्यायला ऑफिसात आली. नवी साडी, हातात पिशवी आणि पिशवीतून डोकावणाऱ्या शेंगा. ऑर्डर घेतली, उभ्या उभ्या वाचली, घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली. मग रुजू झाल्याचा अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. मी सही करायला पेन उचललं.

तिने कागदावर हात ठेवला.

"वाचा आधी."

"अहो, रुजू अर्ज आहे. काय लिहितात ते मला माहीत आहे. वाचते मग."

"मग न्हाय. आत्ता. आनि मोठ्यानं."

ऑफिसातले सगळे टेबलांवरून वर बघायला लागले. शिपाईमामा हातातला चहा घेऊन दारातच थांबले. मी हेडक्लार्क, पंचवीस वर्षांची नोकरी, आणि शाळेतल्या मुलीसारखी कागद धरून वाचायला लागले. मा. सेक्रेटरी यांस, विषय, संदर्भ, सगळं. 'मी आज रोजी कार्यालयीन वेळेपूर्वी लिपिक या पदावर कायम स्वरूपात...'

"थांबा," ती म्हणाली. डोळे कागदावर नव्हते, खिडकीबाहेर कुठेतरी होते. "तेवढंच परत वाचा."

मी परत वाचलं.